मोंढ्याच्या वाटेवरची पोलादी बँक: एका फिरत्या केबिनचे परीक्षण

वसमतहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, मोंढ्यापासून, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारापासून, थोड्याच अंतरावर, एका खासगी जागेत यंदा हळदीच्या हंगामापुरती एका बँकेने उचलून नेता येणारी पोलादी केबिन आणून बसवली आहे. गाडीतून न उतरता पैसे भरता आणि काढता यावेत, हा तिचा उद्देश. भिंतीत रोखपालाची खिडकी आहे, त्याच भिंतीत थोडे पुढे एटीएम आहे आणि दोन्हींसमोरून एकेरी वाट जाते. मी एका आडत दुकानाचा हिशोब पाहतो. दुकानाचे खाते याच बँकेत असल्यामुळे हंगामभर या खिडकीशी माझा जवळपास रोजचा संबंध आला. बँकेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण हे लिहिण्याचा हेतू त्या बँकेची जाहिरात किंवा बदनामी करण्याचा नाही. अशी सोय आपल्या भागात कितपत चालते, एवढेच मला तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: केबिनचे पोलादकाम उत्तम आहे, माणसांची वागणूक चांगली आहे, वेळापत्रक कच्चे आहे, आणि वाटेची आखणी करणाऱ्याने मोंढ्यात ट्रॅक्टर येतात ही गोष्ट विचारात घेतलेली दिसत नाही.

हळदीच्या मोंढ्यात रोकड का लागते, असे शहरातला वाचक विचारू शकेल. शेतकरी हळदीची लांब कांडी आणि गोल गट्टू वेगवेगळ्या चुंगड्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून आणतो, सौदा होतो, माप होते आणि हिशोबपट्टी हातात पडेपर्यंत दुपार कललेली असते. मोठी रक्कम आता बहुधा खात्यावरच जाते. तरीही गाडीभाडे, हळद शिजवणाऱ्या टोळीची मजुरी, पॉलिशचे पैसे, कृषी सेवा केंद्राची मागची बाकी आणि घरी नेण्याचा बाजार हे सारे त्याच दिवशी आणि रोखीनेच भागवायचे असते. आयकराच्या नियमांनीही ही वस्तुस्थिती मान्य केलेली आहे. एरवी व्यवसायात एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च वजावटीला धरत नाहीत. शेतमालापोटी थेट उत्पादकाला दिलेल्या रकमेला मात्र त्यातून सूट आहे. वर्षभरात एक कोटीहून अधिक रोख काढल्यास होणाऱ्या करकपातीतूनही बाजार समितीतील आडत्यांना आणि व्यापाऱ्यांना, शेतकऱ्यांना देण्यासाठी काढलेल्या रकमेपुरती, सप्टेंबर २०१९ मध्ये सवलत मिळाली. मार्चपासून जूनपर्यंत गावातल्या बँकांच्या शाखांमध्ये पाय ठेवायला जागा नसते ती यामुळे. त्या गर्दीत पिशवी पोटाशी धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर कोणाकोणाची नजर असते, हे मोंढ्यात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. केबिनची कल्पना मला सुरुवातीपासून पटली ती मुख्यतः या कारणासाठी.

केबिन मालवाहू कंटेनरच्या मापाची आहे, म्हणजे सुमारे वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. ती ट्रेलरवरून आली आणि हायड्रा क्रेनने उतरवून आधीच तयार केलेल्या काँक्रिटच्या चौथऱ्यावर बसवली गेली. बाहेरून पोलादी पत्रा, मध्ये उष्णतारोधक थर आणि आतून पुन्हा आवरण अशी भिंतीची रचना आहे, आणि मागच्या बाजूला एकामागे एक असे दोन दरवाजे आहेत, ज्यांपैकी पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही. रोकड घेऊन येणारी गाडी अगदी त्या दाराला पाठ लावून उभी राहते, त्यामुळे पेट्या उघड्यावरून न्याव्या लागत नाहीत. गावातल्या मुख्य शाखेत याच पेट्या भर रस्त्यातून, दुचाकींच्या गर्दीतून वाट काढत नेताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. त्या मानाने ही व्यवस्था कितीतरी सुरक्षित आहे.

येथे एक विसंगती आहे आणि ती रंजक आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१९ मध्ये बँकांना बजावले की प्रत्येक एटीएम भिंतीला, खांबाला किंवा जमिनीला पक्के जखडलेले असले पाहिजे. विमानतळासारख्या कडक पहाऱ्यातल्या जागा तेवढ्या वगळल्या. कारण उघड होते. चोरटे यंत्र जागेवर फोडत बसण्याऐवजी त्याला साखळी बांधून गाडीने ओढून नेऊ लागले होते. पुढे एप्रिल २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या आरग येथे तर चोरट्यांनी जेसीबी लावून एटीएम उखडले. मग जी वस्तू मुळातच उचलून नेण्यासाठी बनवली आहे, तिच्यात ठेवलेले यंत्र जखडलेले कसे म्हणायचे? या केबिनमध्ये त्याचे उत्तर दोन टप्प्यांत शोधलेले आहे: यंत्राची तिजोरी केबिनच्या पोलादी तळाशी बोल्टांनी आवळलेली आहे आणि तो तळ चौथऱ्यात पुरलेल्या बोल्टांवर आतून कसलेला आहे. बोल्टांची डोकी बाहेरून दिसत नाहीत, पान्याला पोहोचत नाहीत. केबिन हलवायची झाली तर आधी रोकड काढून, आतून बोल्ट सोडून, मग क्रेन लावावी लागेल. निर्धास्त राहावे असे कोणतेच पोलाद नसते, पण इथे काम टाळलेले नाही, एवढे नक्की म्हणता येते.

आता खिडकीकडे वळतो, कारण ग्राहकाचा खरा संबंध तिच्याशीच येतो. काच जाड, अनेक थरांची, किंचित हिरवट आहे; तिच्यातून रोखपालाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि बोलणे मात्र ध्वनिक्षेपकातूनच करावे लागते. काचेखाली एक पोलादी खण आहे. रोखपाल तो आतून पुढे ढकलते, आपण चिठ्ठी आणि पैसे त्यात ठेवायचे, मग तो आत जातो आणि पावती किंवा रोकड घेऊन परत येतो. माणसाचा हात आणि रोखपालाचा हात कधीच एकमेकांसमोर येत नाहीत, हीच या रचनेची सुरक्षितता. खणाला स्प्रिंगचे झाकण आहे आणि आत एक जड पोलादी पट्टी साखळीने अडकवलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जी वावटळ उठते, तिच्यात नोटा उडू नयेत म्हणून ही पट्टी बंडलावर ठेवायची असते. ही बारीक सोय ज्याने सुचवली त्याने आमच्याकडचा उन्हाळा नक्कीच पाहिलेला असला पाहिजे.

हंगामाच्या सुरुवातीला मात्र या खिडकीवर एक अडचण आली, जी कदाचित देशात फारच थोड्या बँकांना येत असेल. पैसे भरताना मोजणी यंत्र आमच्या चांगल्या, खऱ्या नोटा बाजूला टाकू लागले. एका बंडलात चार-पाच नोटा तरी संशयित ठरत. खोट्या नोटा ओळखण्यासाठी अशा यंत्रांत अतिनील प्रकाश वापरतात. खऱ्या नोटेचा कागद त्या प्रकाशात मंद राहतो, फक्त क्रमांकाची शाई आणि कागदातले काही धागे चमकतात. हळदीतला कर्क्युमिन हा घटक मात्र त्याच प्रकाशात पिवळसर हिरवा उजळतो. ज्या नोटा दिवसभर हळदीने माखलेल्या हातांतून फिरल्या, त्या यंत्राच्या दृष्टीने सगळ्या अंगाने चमकणाऱ्या, म्हणजे संशयास्पद होत्या. केबिनमधल्या रोखपाल ताई परजिल्ह्यातल्या आहेत, तरीही त्यांनी दोन-तीन दिवसांत कारण ओळखले. त्यांनी बाजूला पडलेल्या नोटा हाताने तपासण्याची पद्धत घातली, यंत्रातली पिवळी धूळ ब्रशने झाडण्याची वेळ ठरवली आणि एकाही आडत्यावर खोट्या नोटांचा आळ येऊ दिला नाही. ज्या शाखांमध्ये यंत्राने नाकारले म्हणजे विषय संपला अशी वृत्ती असते, त्यांच्याशी तुलना केली की या समजूतदारपणाचे मोल कळते.

ठरावीक मर्यादेहून अधिक रोख भरायची असेल तर पॅन लागतो, हे सर्वत्रच आहे. पण येथे चिठ्ठीवर पॅन लिहायचा राहिला तर खण उघडा-बंद करण्यात आणि ध्वनिक्षेपकातून अक्षरे सांगण्यात बराच वेळ जातो आणि मागे गाड्यांचे भोंगे सुरू होतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज हा या सेवेतला सर्वांत त्रासदायक भाग आहे, हेही येथेच नोंदवतो. रोखपालाने विचारलेली रक्कम मागच्या दोन गाड्यांना सहज ऐकू जाते. गाडीत बसून, काचेआड, कोणाच्या नजरेत न येता व्यवहार व्हावा म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि शेवटी आकडा सगळ्या रांगेला ऐकवायचा, हे कशासाठी? खिडकीजवळ कानाला लावायचा साधा रिसीव्हर बसवला तरी हा दोष दूर होईल.

गाडीतून उतरल्याशिवाय बँकेचे काम करण्याची ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिकडे मोटारी घराघरांत पोहोचल्या तेव्हा बँकांनी भिंतींना खिडक्या पाडल्या. शिकागोच्या एक्स्चेंज नॅशनल बँकेने १९४६ मध्ये गोळीरोधक काच आणि सरकते खण असलेल्या अशा खिडक्यांची रांगच उभी केली होती. पुढे हवेच्या दाबाने नळीतून डबी पाठवण्याची युक्ती आली आणि मुख्य इमारतीचे बांधकाम चालू असताना तात्पुरती शाखा म्हणून चाकांवरच्या केबिनीही वापरल्या जाऊ लागल्या. आपल्या केबिनमधला खण त्याच परंपरेतला आहे. परंतु अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि आपल्याकडे उजवीकडे, त्यामुळे तिकडचा नकाशा इकडे आणताना आरशात पाहिल्यासारखा उलटवावा लागतो: खिडकी गाडीच्या उजव्या हाताला आली पाहिजे.

या केबिनच्या बाबतीत तो उलटवलेला आहे, आणि त्यातून एक परिणाम झाला आहे ज्याचा विचार कोणी केला होता की नाही, याची मला शंका आहे. जागा नांदेडकडे जाताना डाव्या हाताला आहे. रस्त्यावरून आत वळलेल्या गाडीला त्याच दिशेने पुढे जाऊन पुन्हा रस्त्याला लागायचे असेल आणि केबिन तिच्या उजव्या बाजूला हवी असेल, तर वाट केबिनच्या पलीकडून काढण्यावाचून इलाज नाही. म्हणजे रस्ता, मग केबिन, मग वाट, आणि वाटेच्या पलीकडे शेत. परिणामी व्यवहार रस्त्यावरून दिसतच नाही. दिवसा हे चांगलेच आहे, कारण कोणी किती पैसे घेतले हे रस्त्यावरच्या टपरीतून न्याहाळता येत नाही. अंधार पडल्यावर मात्र हाच आडोसा नकोसा होतो. रात्री एटीएमसमोर उभ्या असलेल्या माणसाला रस्त्यावरचे कोणी पाहू शकत नाही आणि शेताच्या बाजूला तारेचे साधे कुंपण आहे. कॅमेरे आहेत, दिवे आहेत, रखवालदार आहे. तरीही रात्री नऊनंतर मी स्वतः तेथे जात नाही आणि दुकानातल्या पोरांनाही जाऊ देत नाही. रस्त्याच्या बाजूने एक मोठा बहिर्गोल आरसा आणि शेताच्या बाजूने पत्र्याचे उंच कुंपण, एवढे तरी बँकेने करायला हवे होते.

खरा घोटाळा मात्र वाहनांच्या उंचीत आहे. खणाची उंची मोटारीच्या खिडकीशी जुळवलेली आहे. मोटारवाल्याची सोय होते, छोट्या हत्तीवाल्याची होते, पिकअपवाल्याला थोडे वाकावे लागते पण चालते. दुचाकीवाल्याची सोय तर सगळ्यांत चांगली होते, हे मला अनपेक्षित होते: गाडीवर बसल्या बसल्या त्याचा हात नेमका खणापर्यंत येतो, एक पाय वाटेच्या कडेला टेकवता येतो आणि शिरस्त्राण काढून कॅमेऱ्याकडे पाहिले की काम सुरू. पण हळद येते ती ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरचा चालक मधोमध बसतो, दोन मोठ्या चाकांच्या मध्ये आणि बराच उंच. चाक वाटेच्या कडेला घासेपर्यंत जवळ आणले तरी मडगार्ड आणि टायर ओलांडून त्याचा हात खणापर्यंत पोहोचणे शक्यच नसते. एका दुपारी माझ्या पुढे असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सीटवरून अर्धे अंग बाहेर काढून प्रयत्न केला आणि शेवटी हसून म्हणाला, “ताई, हात काही पुरंना. उतरूनच येतो, तवर गाडी हितंच ऱ्हाऊ द्या.” आतून उत्तर आले, “या मामा, सावकाश या. मागच्यांना मी सांगते.” उतरण्याची गरज पडू नये म्हणून बांधलेल्या वाटेत ट्रॅक्टर चालू ठेवून माणूस उतरला, ट्रॉलीने मागची वाट अडवली आणि रांग रस्त्यापर्यंत गेली.

ट्रॉली हा दुसरा प्रश्न. वाटेच्या शेवटी रस्त्याला लागण्यासाठी जे वळण दिले आहे ते मोटारीला पुरेसे आहे. ट्रॅक्टर त्यातून निघतो, पण मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते आणि तिचे चाक वाटेच्या कडेवर चढते. कडेचे सिमेंट पहिल्याच महिन्यात फुटले. रिकाम्या ट्रॉलीचे एक वेळ चालून जाते, पण भाव पटला नाही म्हणून माल परत नेणाऱ्याची ट्रॉली भरलेली असते. यावर उपाय अवघड नाही. मोंढ्याकडच्या बाजूला, केबिनच्या टोकाशी, पायी येणाऱ्यांसाठी एक वेगळी खिडकी उघडावी आणि ट्रॅक्टर उभे करण्यासाठी शेजारी मुरूम टाकून जागा द्यावी. आजघडीला पायी येणाऱ्यालाही गाड्यांच्याच रांगेत, दोन बंपरच्या मध्ये उभे राहावे लागते. लुगड्याच्या ओच्यात पासबुक घेऊन आलेल्या बायकांना असे उभे राहिलेले पाहून मला बँकेचा राग आला, हे मी लपवणार नाही.

उन्हाबद्दल मला मोठी धास्ती होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होते हे कोणाला सांगायला नको. केबिनच्या छतावर हातभर अंतर सोडून दुसरे छत टाकले आहे, मधून वारा खेळतो, आणि आत वातानुकूलन यंत्रे दोन आहेत, म्हणजे एक बंद पडले तरी यंत्रे व माणसे तग धरू शकतात. वीज गेली की आधी बॅटरी आणि मग जनरेटर सुरू होतो. हंगामात उन्हामुळे खिडकी बंद राहिल्याचे मला आठवत नाही, आणि हे बँकेच्या बाजूने ठळकपणे नोंदवले पाहिजे. ग्राहकाच्या बाजूला मात्र सावलीचा पत्रा खिडकीपुरताच आहे. रांगेत मागे असलेला दुचाकीवाला डांबरावर भाजून निघतो. वळवाच्या पावसात जोडणी तुटते, तेव्हा छतावरची उपग्रहाची तबकडी सोडून मोबाइलच्या जाळ्यावर काम चालवतात. तेवढ्या वेळात एटीएम संथ होते पण बहुधा बंद पडत नाही.

पैसे संपणे, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष. खिडकी सकाळी दहा ते दुपारी चार अशी चालते आणि नंतर सारा भार एटीएमवर पडतो. मोंढ्यातले सौदे दुपारी उरकतात, हिशोबपट्ट्या तीन-साडेतीनपासून हातात पडू लागतात आणि शेतकरी केबिनकडे वळतो तेव्हा खिडकी बंद होण्याच्या बेतात असते. संध्याकाळी सहा-सातपर्यंत एटीएम रिकामे होते. ते लगेच भरता येत नाही, याला कायदेशीर कारण आहे: रोकड वाहतुकीसंबंधी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ मध्ये केलेल्या नियमांनुसार ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर आणि शहरी भागात रात्री नऊनंतर एटीएममध्ये रोकड भरायची नसते, एका गाडीत पाच कोटींहून अधिक रक्कम न्यायची नसते आणि सोबत दोन सशस्त्र रक्षक लागतात. हे नियम योग्यच आहेत. पण नियम माहीत असताना भरणा सकाळी अकराला उरकून घ्यायचा आणि संध्याकाळी हात वर करायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. चार ते साडेपाचच्या दरम्यान दुसरा भरणा झाला तर निम्म्या तक्रारी मिटतील, आणि खिडकी दहाऐवजी बाराला उघडून सहाला बंद केली तर उरलेल्यांतल्याही बऱ्याच मिटतील. सकाळी दहाला मोंढ्यात पट्टी कोणाच्याच हातात नसते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून महिन्यात एकूण दहा तासांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक एटीएममागे बँकेला दहा हजार रुपये दंड ठेवला आहे. दंड सोसणे परवडते की दुसरी फेरी, याचा हिशोब बँकेने केलाच असेल. ग्राहक मात्र त्या हिशोबात कुठे बसतो, हे दिसून येते.

सुट्या पैशांबाबत येथे समाधान आहे. यंत्राच्या एका पेटीत दोनशेच्या नोटा असतात, आणि मजुरी वाटणाऱ्याला तेच हवे असते. शंभर किंवा दोनशेच्या नोटा बहुतेक एटीएममध्ये मिळाव्यात असा आग्रह रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये धरला; तो येथे तरी पाळला जातो.

एकदा जोडणी तुटली आणि आमच्या दुकानातल्या एका हमालाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, नोटा मात्र बाहेर आल्या नाहीत. असे झाले तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा करायची असते आणि उशीर झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. रक्कम मुदतीनंतर आली. भरपाई आपोआप आली नाही. अर्ज दिल्यावर आली. ज्याला नियम ठाऊक नाही आणि ज्याच्या वतीने अर्ज लिहिणारा कोणी नाही, त्याचे काय होत असेल हा प्रश्न मी मुख्य शाखेत विचारला, तेव्हा उत्तर म्हणून एक छापील फॉर्म पुढे करण्यात आला.

दुसरे पर्याय काय आहेत, तेही पाहू. गावोगावच्या ग्राहक सेवा केंद्रांत आधारच्या ठशावर थोडी रक्कम मिळते, पण हंगामात त्यांच्याकडचीही रोकड लवकर संपते आणि शेतीकाम करणाऱ्या, त्यातही हळद हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्राला सहज लागत नाहीत. फिरत्या व्हॅनचा प्रयोग बँकांनी पूर्वीपासून केला आहे, आणि रिझर्व्ह बँकेचा त्याबाबतचा दंडक मला महत्त्वाचा वाटतो: फिरत्या शाखेने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि पुरेसा वेळ एका ठिकाणी थांबावे. २०१७ मध्ये बँकिंग केंद्राची जी व्याख्या ठरली, तीतही आठवड्यातून किमान पाच दिवस आणि दिवसाला किमान चार तास ही अट आहे. व्हॅन आज येते, उद्या येत नाही. केबिन महिनोन्महिने एका जागी राहते आणि लोकांच्या पायाखाली तिची वाट येते. मला व्हॅनपेक्षा केबिन बरी वाटते ती यासाठी. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेसारख्या चार-आठ दिवसांच्या गर्दीला व्हॅन पुरेल, मोंढ्याच्या हंगामाला पुरणार नाही.

शुल्काबाबत विशेष तक्रार नाही. खिडकीवरच्या व्यवहाराला वेगळा आकार नाही, एटीएमवर स्वतःच्या बँकेच्या ग्राहकाला महिन्यातले पाच व्यवहार मोफत मिळतात आणि पुढे सर्वत्र लागते तेवढेच शुल्क लागते.

ज्याच्याकडे दुचाकी किंवा मोटार आहे, ज्याला दुपारी एक ते तीनच्या मध्ये जाता येते आणि ज्याला भरणा करायचा आहे, अशा आडत्याला किंवा दुकानदाराला मी ही सेवा बिनदिक्कत सुचवेन. माझा मुख्य शाखेतला तासाभराचा खोळंबा इथे पंधरा-वीस मिनिटांवर आला आहे. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर मोंढ्यातच उभा करून, जमले तर कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून यावे आणि साडेतीनच्या आत यावे. संध्याकाळच्या भरवशावर कोणीही राहू नये.

जूनअखेर मोंढ्यातली आवक ओसरली की केबिन उचलली जाईल आणि कापसाच्या हंगामासाठी दुसरीकडे नेली जाईल, असे रोखपाल ताईंकडून कळले. दारावरच्या फलकावर मात्र अजून कोणतीही तारीख लावलेली नाही. ज्यांचा एखादा व्यवहार अडकलेला आहे त्यांनी पावत्या जपून ठेवाव्यात. पावतीवर मूळ शाखेचे नाव आणि क्रमांक छापलेला असतो. केबिन गेल्यानंतर लेखी तक्रार त्या शाखेतच द्यायची आणि पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.